सेनापतींनी हाडं परत मागितली

सेनापती जिंग थान यांना आपली हाडं परत हवी होती.

शियेनच्या दरबारात निवृत्ती मागायची ती याच शब्दांत. तरुणपणी माणूस राजाला देह वाहतो. म्हातारा झाला की गुडघे टेकून म्हणतो, महाराज, देह तर झिजला, उरलेली हाडं तेवढी परत द्या, गावी नेऊन पुरतो. राजाने पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा डोळे पुसत नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो म्हणायचं, अशी रीत. जिंग थान यांचं दोनदा मागून झालं होतं. राजाने दुसऱ्या वेळी डोळेही अगदी नीट पुसले होते. आता तिसरी विनवणी तेवढी बाकी, आणि नेमका त्याच सुमारास नदीपलीकडचा तुंगचा राजा सैन्य घेऊन नदीच्या उताराशी येऊन बसला.

“बसला तर उठवा त्याला,” राजा म्हणाला. “एवढं काम करा, सेनापती, आणि मग खुशाल तुमची हाडं घेऊन जा.”

घरी येऊन त्यांनी बायकोला ही बातमी सांगितली. लिआन बाजरीची पेज ढवळत होती. तिने पळी भांड्यावर जोरात आपटली.

“म्हणजे अजून एक लढाई. आणि मी मेली गाठोडी बांधून बसलेय! बदकांची पिल्लंसुद्धा सांगून ठेवलीत गावी.”

“चार दिवसांचं काम आहे.”

“तुमचे चार दिवस मला ठाऊक आहेत. आणि अहो, धुकं बघा केवढं पडतंय रोज. पांगला विचारून चला.”

“पांग माझा सारथी आहे.”

“म्हणूनच म्हणते. रस्ता त्यालाच ठाऊक असणार ना?”

“सैन्यात विचारत नसतात, सांगत असतात.”

“घरात तरी दुसरं काय करता? फरक एवढाच की माझ्या तोंडात तुमची ती कांडी बसत नाही.”

जिंग थान यांनी खाकरून पेजेत लक्ष घातलं. अख्ख्या शियेनमध्ये त्यांना उलट बोलणारं हे एकच माणूस होतं, आणि खरं सांगायचं तर दिवसभर होकार ऐकून किटलेले कान घरी आले की जरा मोकळे व्हायचे. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. तसं त्यांनी तिला काहीच कधी सांगितलं नव्हतं.

“आणि एक,” लिआन म्हणाली. “गवताळ टेकडीची लढाई. कांदेवाली मला ती गोष्ट सांगते, न्हावी सांगतो, परवा तर भिकारी सांगत होता. तुम्ही सोडून सगळ्यांची सांगून झाली. माझा नवरा ती लढाई जिंकला आणि मला ती कांदेवालीकडून ऐकावी लागते.”

“गावी गेलो की सांगतो.”

“शब्द?”

“शब्द.”

आता ती कांडी म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सेनापतींचं सगळं आयुष्य त्या कांडीवर उभं होतं. बांबूचा बोटभर तुकडा, दोन्ही टोकांना दोरी. शत्रूवर गुपचूप चालून जायचं असलं की प्रत्येक शिपायाने ती दातांत आडवी धरायची आणि दोरीची गाठ मानेमागे मारायची. बोलणं नाही, खोकणं नाही. कांड्या काही जिंग थान यांनी शोधून काढल्या नव्हत्या, सगळ्याच राज्यांत होत्या. पण तरुणपणी गवताळ टेकडीच्या लढाईत त्यांनी सगळ्या सैन्याच्या तोंडात त्या दिल्या आणि धुक्यातून शत्रूच्या अगदी पाठीमागे नेऊन उभं केलं. शत्रू तोंड धूत होता. तोंडं धुऊन व्हायच्या आत लढाई संपली.

राज्यभर डंका वाजला. कुणी म्हणे त्यांना धुक्यापलीकडचं दिसतं, कुणी म्हणे स्वप्नात पूर्वजांनी वाट दाखवली. खरी गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. ते वाट चुकले होते. शत्रूच्या पुढ्यात जायला निघाले आणि भरकटत भरकटत पाठीमागे पोचले. बरोबरच्या निम्म्या लोकांना ते कळलं असणार, पण तोंडात कांडी असल्यावर सांगतो कोण?

यातून दुसरा कुणी निदान रस्ता नीट विचारायला शिकला असता. जिंग थान यांनी धडा घेतला तो असा, की लोकांची तोंडं बंद असली की जय होतो. मग त्यांनी नियम कडक केले. शत्रूसुद्धा ओरडून ‘काढा कांड्या’ म्हणू शकतो, तेव्हा तोंडी हुकमावर कांडी काढायची नाही, हुकूम खुद्द सेनापतींचा असला तरी. कांडी निघायची ती फक्त काशाच्या मोठ्या घंटेवर. एकदा त्यांनी परीक्षा म्हणून स्वतःच ‘काढा’ म्हणून सांगितलं. एका भोळ्या तिरंदाजाने काढली. त्याचं डोकं वेशीवर टांगलं गेलं आणि नियम सर्वांना नीट पाठ झाला.

तर सैन्य निघालं. तुतीच्या बनाशी मुक्काम झाला आणि पहाटे उठून बघतात तो धुकं. जिंग थान यांना आनंद झाला. झेंडे गुंडाळले, नगारे झाकले, कांड्या दातांत गेल्या. घंटेची गाडी नियमाप्रमाणे सर्वांत मागे. सेनापतींच्या रथात तिघं: मधे ते स्वतः, डावीकडे लगाम धरून पांग, उजवीकडे भालेकरी शुन. त्या दोघांच्याही तोंडात कांड्या. तोंड मोकळं होतं ते एकट्या सेनापतींचं, कारण हुकूम कुणीतरी द्यायला हवा.

बनापाशी रस्त्याला दोन फाटे फुटतात. डावा उताराकडे जातो. उजवा बांधाच्या कडेने मोठा वळसा घालून परत राजधानीच्या पश्चिम वेशीला मिळतो. धुक्यात दोन्ही सारखेच दिसत होते.

“उजवीकडे,” जिंग थान म्हणाले.

पांगने लगाम डावीकडे ओढला.

“उजवीकडे म्हटलं ना मी!”

पांगने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या घशातून ‘म्हं, म्हं’ असा आवाज आला. त्याने हाताने डावीकडे दाखवलं, मग उजवीकडे दाखवून जोरजोरात मान हलवली.

“शुन, याला ठसका लागलाय वाटतं. पाठीत थोपट.”

शुनने इमानाने पांगच्या पाठीत दोन गुद्दे हाणले. ते हाणताना त्याचेही डोळे डावीकडेच लागले होते, पण सांगितलेलं काम करणं बरं. रथ उजवीकडे वळला, आणि रथामागून सगळं सैन्य.

थोडं पुढे गेल्यावर घोड्यांनी कान टवकारले आणि आपणहून चाल वाढवली.

“बघितलंस?” सेनापती खुशीत म्हणाले. “जनावरांनासुद्धा लढाईचा वास लागतो.”

घोड्यांना वास लागला होता तो आपल्या तबेल्याचा. पुढे धुक्यातून एक लंगडं पिवळं कुत्रं आलं आणि शेपूट हलवत शिपायांच्या पायांत घोटाळायला लागलं. ते पश्चिम वेशीवरचं कुत्रं. अर्ध्या सैन्याने त्याला कधी ना कधी भाकरी घातलेली. जिंग थान यांनी तिरस्काराने त्याच्याकडे पाहिलं. “तुंगच्या माणसांची कुत्रीसुद्धा फितूर,” ते म्हणाले. मागच्या रांगेतला एक तरुण शिपाई धुक्यात अंधूक दिसणाऱ्या कुठल्याशा छपराकडे बघून ढसाढसा रडत होता. ते त्याच्या आईचं घर होतं. सेनापतींनी मनात म्हटलं, वीरश्री म्हणतात ती हीच. लढाई झाली की पोराला बढती द्यायची.

पांगने एव्हाना ‘म्हं’ करणं सोडलं होतं. तो मूग गिळून रथ हाकत होता.

इकडे वेशीवर काय झालं ते जिंग थान यांना मागाहून कळलं. पहारेकऱ्यांना धुक्यात प्रचंड सैन्य दिसलं. झेंडा नाही, नगारा नाही, माणसाचा आवाज नाही. ते धावत राजाकडे गेले. राजाचं धाबं दणाणलं. हे सैन्य इथवर पोचलं याचा अर्थ जिंग थान संपले, आणि जिंग थान यांना ज्यांनी संपवलं त्यांच्याशी आपण काय लढणार? राजाने उगाच रक्त सांडू दिलं नाही. शरण जायची रीत त्याला ठाऊक होती, त्याच्या आजोबांनी एकदा केली होती.

धुकं विरलं तेव्हा सेनापतींना समोर वेस दिसली. वेस ओळखीची वाटली. मग ती उघडली, आणि आतून शियेनचा राजा बाहेर आला. अंगरखा कमरेपर्यंत उतरवलेला, गोरं पोट थंडीने शहारलेलं, हात पाठीमागे बांधलेले. त्या बांधलेल्या हातांच्याच दोरीला मागे एक मेंढी. तिच्यामागे राजाची स्वतःची शवपेटी लादलेली गाडी आणि तागाचे सुतकी कपडे घातलेले मंत्री. राजाच्या तोंडात रीतीप्रमाणे जेडचा मोठा खडा होता. हरलेला राजा तो तोंडात धरून येतो, म्हणजे तो आता मेलेलाच आहे, वाचवायचं की पुरायचं ते जिंकणाऱ्याने ठरवावं.



राजाने सेनापतींना पाहिलं. त्याचे डोळे हळूहळू मोठे होत गेले. बोलायला म्हणून त्याने ओठ हलवले, पण खडा दातांवर वाजला आणि तो पुन्हा गप्प झाला. खडा आपणहून बाहेर पडला तर घराणं बुडतं, असं मानतात. तो जिंकणाऱ्यानेच काढायचा असतो.

“कांड्या काढा!” जिंग थान मागे वळून ओरडले. “काढा कांड्या! बोला कुणीतरी! सांगा महाराजांना!”

सैन्य पुतळ्यासारखं उभं राहिलं. सगळ्यांना तो तिरंदाज आठवत होता.

“घंटा! घंटा कुठाय?”

पांगने हाताने फार लांब मागे दाखवलं. गाडी तिकडे चिखलात रुतून बसली होती.

हजारो माणसं समोर होती आणि बोलू शकणारं तोंड एकच होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या तोंडाला काय बोलावं ते सुचेना. मेंढी तेवढी मधूनमधून ओरडत होती. जिंग थान रथातून उतरले आणि राजापुढे गुडघे टेकून बसले. पण शरण आलेल्याने जिंकणाऱ्यापेक्षा उंच राहायचं नसतं, म्हणून राजाही घाईघाईने गुडघ्यांवर बसला. सेनापतींनी कपाळ जमिनीला लावलं. राजानेही लावलं. दोघं बराच वेळ एकमेकांपेक्षा खाली जायची खटपट करत राहिले.

शेवटी जिंग थान यांनी दोन्ही तळहात पुढे केले आणि राजाने त्यांत खडा सोडला. ओला आणि गरम होता.

“जिंग थान,” राजा कुजबुजला, “तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस रे?”

“आपल्याच, महाराज.”

“मग हे काय आहे?”

“वाट चुकलो.”

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघाले, आणि नवल म्हणजे त्यांना फार हलकं वाटलं.

राजाने विचारलं, “आणि गवताळ टेकडीला?”

“तेव्हाही.”

“अरे देवा! मी तुझ्या भरवशावर शरण आलो ना! म्हटलं, ज्यांनी जिंग थानला गिळलं, त्यांच्यापुढे आपण कोण?”

“आपला हा विश्वास, महाराज, मी जन्मभर...”

“विश्वास नको काढूस आता. आधी माझे हात सोड. थंडी वाजतेय.” हात सुटले तसा राजाने अंगरखा वर ओढला आणि सैन्यावरून नजर फिरवली. “हे सगळ्यांनी पाहिलं?”

“सगळ्यांनी, महाराज.”

“आणि बोलत कसं नाही कुणी?”

“घंटा वाजल्याशिवाय बोलता येत नाही त्यांना.”

राजाने रांगेरांगेतून दातांत धरलेल्या त्या कांड्या नीट पाहून घेतल्या. त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच जरा रंग आला. “सोय मोठी छान आहे,” तो म्हणाला.

घंटेची गाडी चिखलातून निघून येईपर्यंत राजज्योतिष्याने सगळं निस्तरलं. दवंडी पिटली गेली, की संकटकाळी महाराजांनी आकाशाला शरण जाण्याचा अतिप्राचीन विधी केला, आणि आकाशाच्या जागी सेनापतींनी निःशब्द सैन्यासह उभं राहून तो स्वीकारला. मग घंटा वाजली. लोकांनी कांड्या काढल्या, जबडे चोळले आणि सगळे एकमेकांना म्हणाले, विधी फार छान झाला.

गंमत पुढेच आहे. तुंगच्या हेरांनी बांधावरून तो देखावा पाहिला होता. शियेनचा राजा आधीच कुणाला तरी शरण गेला, इतकंच त्यांना कळलं. कुणाला ते कळेना. पण ज्याच्याकडे एवढं सैन्य आहे आणि ज्याला झेंड्याचीसुद्धा गरज वाटत नाही, तो आपल्याला भारी पडणार हे उघड होतं. दुपारपर्यंत तुंगचा राजा चुलीवरची भांडी तशीच टाकून नदीपार झाला. जिंग थान यांनी शियेन दुसऱ्यांदा वाचवलं.

आता अशा माणसाला मारता येत नाही. तिसऱ्या विनवणीला राजाने हो म्हटलं, जमीन दिली, रेशीम दिलं, आणि भर दरबारात तोच जेडचा खडा लाल गोफात ओवून त्यांच्या हाती ठेवला. “ज्यांच्या मौनाने राज्य दोनदा वाचलं,” राजा म्हणाला, “त्यांनी हा मान अखंड मुखात धरावा. जेवताना तेवढा काढावा.” आणि मानाची देखरेख करायला एक अधिकारी बरोबर दिला. नाव त्याचं माओ ची. गुबगुबीत, हसतमुख, कानांचा अतिशय तिखट. हाडं परत मिळाली. जीभ मात्र राजाने ठेवून घेतली.

लिआनने दारातच तो खडा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

“हे काय? मेलेल्या माणसाच्या तोंडात ठेवतात तसलं?”

“बाईसाहेब, हा सन्मान आहे,” माओ ची म्हणाला.

“मग तुम्ही धरा तोंडात.”

“आमची तेवढी योग्यता कुठे!”

गावी जर्दाळूची झाडं फुलली होती. तळं होतं, बदकांची पिल्लं होती. लिआन दोघांचं मिळून एकटीच बोलायची. सकाळी पेजेला मीठ कमी पडलं का विचारायची, आणि त्यांच्या भुवया पाहून स्वतःच म्हणायची, “पडलंय, पडलंय, कळलं.” संध्याकाळी तळ्याच्या काठावर उभी राहून बदकांना हाका मारायची, “या गं बायांनो, या, या, या,” आणि तो आवाज पलीकडच्या डोंगरापर्यंत जायचा. जिंग थान अंगणात बसून तो ऐकायचे. जन्मभर सगळ्यांना गप्प केलं, पण हिला करता आलं नाही, हे आपलं केवढं मोठं नशीब, असं त्यांना रोज वाटायचं. तिला ते सांगावं असंही वाटायचं. जेवताना खडा निघायचा, पण तेव्हा माओ ची पुढ्यात बसलेला असायचा आणि घास संपायच्या आत दुसरा वाढायचा.

एके दिवशी लिआन बदकं विसरून त्यांच्यापुढे येऊन बसली.

“शब्द दिला होतात तुम्ही मला,” ती म्हणाली. “गावी गेल्यावर सांगतो म्हणालात. आलो ना गावी? एकदा तरी बोला हो माझ्याशी. कांदेवालीचं ऐकून मरायचं का मी?”

आणि ती रडायला लागली. चाळीस वर्षं भांडली, पण रडली नव्हती.

जिंग थान यांना ते बघवेना. माओ ची झाडाखाली डुलक्या घेत होता. त्यांनी जर्दाळूची एक काटकी उचलली आणि मातीत टेकडी काढली. टेकडीच्या अलीकडे शत्रू, पलीकडे शत्रूची पाठ. मग स्वतःची रेघ काढली. ती वाकडीतिकडी भरकटली, एकदा स्वतःलाच ओलांडून गेली आणि शेवटी पाठीमागे जाऊन पोचली. शेजारी तुतीचं बन काढलं, दोन फाटे काढले, उजव्यावरून रेघ थेट वेशीत नेली, आणि वेशीपुढे एक मेंढी काढली. मेंढी चांगली जमली.

लिआनने पदराने डोळे पुसले आणि वाकून पाहिलं. एकदा टेकडीकडे, एकदा वेशीकडे.

“अगबाई!” ती म्हणाली. “वाट चुकलात?”

त्यांनी मान डोलावली.

“दोन्ही वेळेला?”

त्यांनी पुन्हा डोलावली. तिला हसू फुटलं. ती पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि त्यांच्या गुडघ्यावर थापा मारत मोठमोठ्याने म्हणाली, “आणि मी सांगत होते, पांगला विचारा! सांगत होते की नाही? वाट चुकले म्हणे! आमचे सेनापती वाट चुकले!” जिंग थान यांचे खांदेही हसण्याने हलत होते. खडा दातांवर कडकड वाजत होता. एवढा आनंद त्यांना गवताळ टेकडीलासुद्धा झाला नव्हता.

झाडाखाली माओ ची डोळे उघडून बसला होता. तोही अदबीने हसला.

पुढच्या पौर्णिमेच्या आत राजधानीहून एक रेशमी डबी आली. सेनापतींच्या मौनात आयुष्यभर साथ देणाऱ्या पत्नीलाही महाराज विसरले नव्हते. तिच्यासाठी पाठवलेला खडा जरा लहान होता, बायकांच्या मापाचा, आणि गोफ हिरवा. माओ चीने तो दोन्ही हातांनी पुढे केला. लिआनने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण डबीबरोबर आलेले दोन शिपाई दारात उभे होते आणि जिंग थान यांनी डोळ्यांनीच तिला विनवलं. तिने तोंड उघडलं.

संध्याकाळी दोघं तळ्याकाठी शेजारी शेजारी बसली. बदकं पाण्यात हाकेची वाट बघत राहिली. अंधार पडायला लागला तशी ती आपली आपणच काठावर चढली, अंगणात जरा वेळ घुटमळली आणि एकेक करून खुराड्यात गेली.